एक टाचणी, एक पट्टी आणि खोडदची डिश

पुण्याहून नाशिक रोडला लागलं की नारायणगाव येतं, तिथून आत वळलं की खोडद, आणि शेतांच्या मधोमध अचानक या भल्यामोठ्या डिश दिसायला लागतात. ही जीएमआरटी, रेडिओ दुर्बीण. एकूण ३० डिश, एकेक ४५ मीटर रुंद. आता बघताना वाटतं की गोल वाडगाच आहे, पण नाही हं, गोलाचा तुकडा असता तर काम बिघडलं असतं.

वर्तुळ सगळ्यांनाच येतं, एक टाचणी, दोरा ताणून पेन्सिल फिरवली की झालं, मधल्या बिंदूपासून अंतर सगळीकडे सारखं. दोन टाचण्या टोचल्या आणि दोरा सैल ठेवला की लंबवर्तुळ, तिथे दोन अंतरांची बेरीज कायम. आणि पॅराबोला, म्हणजे पुस्तकातला अन्वस्त, त्याला लागते एक टाचणी आणि एक सरळ रेषा, बस.

हे बघा, कागदावर पट्टी आडवी धरलीये. तिच्या वर थोड्या अंतरावर टाचणी. कंपासपेटीतला गुण्या पट्टीला टेकवून उभा केला, त्याच्या उभ्या बाजूएवढाच दोरा घेतला, एक टोक गुण्याच्या वरच्या कोपऱ्याला, दुसरं टाचणीला. आता पेन्सिलीने दोरा गुण्याला चिकटवून ताणायचा आणि गुण्या पट्टीवरून सरकवायचा. पेन्सिल कुठेही असो, टाचणी जेवढी लांब तेवढीच पट्टी लांब, कारण दोराच तेवढा आहे!

पेन्सिलीने उमटलेली ही वाकडी रेषा म्हणजे पॅराबोला, आणि डिशचा आकारही हाच. याचा डिशला काय उपयोग? वरून समांतर लहरी येतायत. डिश नसती तर त्या सगळ्या खालच्या काल्पनिक पट्टीवर एकाच वेळी पोचल्या असत्या, बरोबर? पण डिशवरच्या प्रत्येक बिंदूपासून पट्टी आणि टाचणी सारख्याच अंतरावर, म्हणून वळून टाचणीकडे गेल्या तरी तेवढाच प्रवास, सगळ्या एका तालात पोचतात. गोल वाडग्यात कडेच्या लहरी आधीच एकमेकींना छेदतात आणि सिग्नल पसरतो.

पृष्ठभाग पत्र्याचा नाहीये, बारीक तारांची जाळी आहे, आरपार आभाळ दिसतं आणि वारंही निघून जातं. इथल्या लहरी साधारण २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब, त्यांना एवढ्याशा भोकांचा फरकच पडत नाही. आणि टाचणीच्या जागी, त्या चार पायांवर, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे फीड, म्हणजे गोळा झालेल्या लहरी टिपणारे अँटेना, बसवलेत, जो हवा तो फिरवून समोर आणायचा.