गॅलन कुठला, तेवढं आधी विचारा

मंडळी, मुंबईच्या पाणीपुरवठ्याचे जुने अहवाल काढलेत, तर त्यात आकडे 'दशलक्ष गॅलन'मध्ये सापडतात. एखादा विद्यार्थी तो आकडा मोबाइलमध्ये घालतो, लिटर करून घेतो आणि पुढे जातो. मोबाइल बरेचदा अमेरिकी गॅलन धरतो, 3.785 लिटरचा. इंग्रजी अमदानीतल्या त्या अहवालांमधला गॅलन असतो ब्रिटिश, म्हणजे 4.546 लिटरचा. दर दहा लाख गॅलनमागे साडेसात लाख लिटरांहून जास्त पाणी हिशेबातून नाहीसं होतं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून आज मी हा विषय घेतला.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गॅलन एक नव्हताच. वाइनचा वेगळा, बिअरचा वेगळा, धान्याचा आणखी वेगळा. बिअरचा 282 घनइंचांचा, वाइनचा 231. हा 231 आकडा मला फार आवडतो. राणी अॅनच्या कारकिर्दीतल्या कायद्यात त्यासाठी भांडंच सांगितलं आहे: गोल, सपाट बुडाचं, सात इंच व्यासाचं, सहा इंच खोल. आता शाळेतला पाय घ्या, बावीस सप्तमांश. त्रिज्या साडेतीन, तिचा वर्ग सव्वाबारा. त्याला बावीस सप्तमांशाने गुणलं की साडेअडतीस, आणि साडेअडतीस सक 231. अपूर्णांक उरतच नाही! ज्याने हे माप ठरवलं त्याने पायची किंमत आपल्यासारखीच धरली होती.

अमेरिका 1776 साली वेगळी झाली, ती हा वाइनचा गॅलन घेऊन. 1830च्या दशकात तिथल्या अर्थखात्याने तोच प्रमाण मानला आणि तो आजही चालतो. ब्रिटनने मात्र 1824च्या कायद्याने सगळे जुने गॅलन मोडीत काढले आणि नवा इम्पीरियल गॅलन आणला. 62 अंश फॅरनहाइटच्या दहा पौंड शुद्ध पाण्याला जेवढी जागा लागते, तेवढा एक गॅलन. घनइंचांत तो 277च्या किंचित वर येतो.

खरी गंमत इथून पुढे आहे. दहा पौंड म्हणजे वजनाचे 160 औंस. म्हणून ब्रिटिशांनी गॅलनचे 160 द्रव औंस केले. एक द्रव औंस पाणी, वजन एक औंस. अमेरिकी गॅलनचे भाग निमे-निमे करत जातात, आणि सात वेळा निम्मे केले की 128 औंस होतात. पिंट म्हणजे गॅलनचा आठवा हिस्सा, हे दोन्हीकडे सारखंच. त्यामुळे अमेरिकी पिंट 16 औंसांचा, 473 मिलिलिटर; ब्रिटिश पिंट 20 औंसांचा, 568 मिलिलिटर. (आपल्याकडे बिअरच्या छोट्या बाटलीला पिंट म्हणतात, ती 330 मिलिलिटरची. तिचा या दोघांशी संबंध लावू नका.)

आता औंस पाहा. अमेरिकी औंस 29.57 मिलिलिटर, ब्रिटिश 28.41. गॅलन ब्रिटिशांचा मोठा, पण औंस अमेरिकेचा मोठा! नेमकं इथेच भले भले फसतात. 'ब्रिटिश माप वीस टक्के मोठं' एवढंच ध्यानात ठेवून औंसालाही तोच गुणक लावतात, आणि उत्तर उलट्या दिशेला जातं.

तोंडी हिशेबाला दोन गुणोत्तरं पुरतात. पाच ब्रिटिश गॅलन म्हणजे जवळजवळ सहा अमेरिकी गॅलन. पिंट आणि क्वार्टलाही (क्वार्ट म्हणजे गॅलनचा चौथा हिस्सा) हेच प्रमाण. पंचवीस ब्रिटिश औंस म्हणजे जवळजवळ चोवीस अमेरिकी औंस. दोन्ही एकमेकांशी जुळतात का, ते पडताळू. ब्रिटिश गॅलनचे 160 औंस. त्यांचे चोवीस पंचविसांश 153.6 अमेरिकी औंस. त्याला 128ने भागा. 1.2 येतात, म्हणजे सहाला पाच. चूक हजारात एकाहून कमी. औषधाच्या किंवा प्रयोगशाळेच्या कामाला मात्र एवढीही चूक नको. तिथे थेट मिलिलिटर करा.

स्वयंपाकात बघा. ब्रिटिश पुस्तकात एक पिंट दूध लिहिलंय आणि तुमची मुलगी न्यू जर्सीत आहे. वीस औंसांचे तिकडचे 19.2 औंस झाले. अमेरिकी कप आठ औंसांचा, म्हणजे दोन कप आणि वर जेमतेम पाव ते अर्ध्या कपाच्या मध्ये. तिने तिथला पिंट मोजून ओतला, तर खीर घट्ट होणार.

गाडीच्या अॅव्हरेजलाही हेच. ब्रिटनमध्ये पेट्रोल लिटरने विकतात, पण अॅव्हरेज अजून मैल दर गॅलनमध्येच सांगतात, तेही इम्पीरियल गॅलनच्या हिशेबाने. लंडनच्या भाच्याची गाडी 48 देते आणि शिकागोच्या पुतण्याची 40, तर भाच्याची गाडी सरस ठरवू नका. दोन्ही लिटरमागे सतराच किलोमीटर धावतात.