गाइडला कोण शिकवतं?

(दृश्य : टेबलावर सिनॉप्सिसची प्रत. समासात लाल शाईचे शेरे. कॅमेरा एका पानावर येऊन थांबतो.)

निवेदन :
हे पान नीट बघा. नर्सिंगच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या सिनॉप्सिसचं, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याचं, हे पान आहे. समासात लाल शाईत लिहिलंय, 'अस्पष्ट'. दोन ओळी खाली पुन्हा, 'अस्पष्ट'. मग 'संदर्भ?' आणि पान संपता संपता, 'पुन्हा लिहा'.

शेरे लिहिणाऱ्या मॅडम तिच्या थिसिसच्या गाइड, म्हणजे मार्गदर्शक. त्यांची नोकरीची बहुतेक वर्षं अतिदक्षता विभागात गेली. व्हेंटिलेटरचा आवाज जरा बदलला तरी त्यांची मान वर होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या सिस्टर कुठल्याही वॉर्डात उभ्या राहू शकतात. पण नेमकं काय अस्पष्ट आहे, आणि पुन्हा लिहायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची, हे या पानावरून कळत नाही. मॅडमना त्यांच्या गाइडकडून असेच शेरे मिळाले होते. मार्गदर्शन कसं करायचं, हे त्यांना त्यानंतरही कुणी शिकवलेलं नाही.

(दृश्य : कार्यशाळेची खोली. खुर्च्या तीन-तीनच्या गटात मांडलेल्या. माणसं येऊन बसतायत.)

निवेदन :
या खोलीतले सगळे एक तर गाइड आहेत, नाही तर पुढच्या तुकडीपासून होणार आहेत. कुणी मेडिकल-सर्जिकल नर्सिंगचं, कुणी बालरुग्णांचं, कुणी मानसिक आरोग्याचं, कुणी कम्युनिटी हेल्थचं. प्रत्येकाने आपला थिसिस एकदा लिहिलेला आहे. पदवी आणि अनुभवाची वर्षं भरली की गाइड म्हणून नाव लागतं. बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं.

नर्सिंगमध्ये साधं इंजेक्शनसुद्धा असं सोपवत नाहीत. आधी मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, मग कुणीतरी शेजारी उभं असताना, मग एकटीने. एका माणसाची दोन-तीन वर्षांची मेहनत मात्र पहिल्याच दिवशी, कुणीही शेजारी उभं नसताना, नव्या गाइडच्या हाती दिली जाते. आम्हाला हे पटत नाही, म्हणूनच ही फिल्म.

(दृश्य : जुन्या अहवालातली रंगीत आकृती. पाकळ्यांसारखे बारा भाग. निळा, लाल, काळा.)

निवेदन :
ही आकृती नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेली असते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची, १८५८ सालची. क्रिमियन युद्धातले सैनिक कोणत्या महिन्यात कशाने दगावले, ते यात आहे. लाल रंग जखमांचा, काळा इतर कारणांचा, आणि निळा टाळता येण्याजोग्या रोगांचा. निळा किती पसरलाय ते दिसतंच आहे.

या आकृतीची गोष्ट सांगताना विल्यम फार यांचं नाव सहसा राहून जातं. इंग्लंडमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी जिथे जमा होत, त्या कार्यालयातले हे संख्याशास्त्रज्ञ. नाइटिंगेल युद्धावरून परतल्या १८५६ मध्ये, आणि त्याच वर्षी दोघांची ओळख झाली. मग वर्षानुवर्षं पत्रं आणि तक्ते यांची ये-जा सुरू राहिली. सैनिकांचा मृत्युदर त्याच वयाच्या सामान्य नागरिकांच्या मृत्युदराशेजारी ठेवला, तेव्हा बराकींची खरी अवस्था उघडी पडली. या तुलनेमागे फार यांच्या कामाचा मोठा आधार होता. आकडेवारी जितकी कोरडी तितकी चांगली, असं फार यांचं मत. नाइटिंगेलना ती बघताक्षणी डोळ्यांत भरायला हवी होती. समोर आहे ती आकृती म्हणजे नाइटिंगेल यांचं म्हणणं. जाणकाराने आपलं मत स्पष्ट सांगितलं, तरी शेवटचा निर्णय काम करणारीकडे राहिला. चांगल्या मार्गदर्शनात याहून वेगळं काय असतं?

हे नातं मात्र त्या दोघांपुरतंच राहिलं. निव्वळ नर्सिंग संशोधनाला वाहिलेलं 'नर्सिंग रिसर्च' हे नियतकालिक अमेरिकेत सुरू झालं १९५२ मध्ये. संशोधन करायला शिकवणारी माणसं घडवायचा विचार तर त्याच्याही कितीतरी मागाहून आला.

(दृश्य : तिघींचा गट. एकीच्या हातात क्लिपबोर्ड.)

निवेदन :
पुन्हा त्या खोलीत येऊ. सरावासाठी तिघींपैकी एक गाइड झाली आहे, दुसरी विद्यार्थिनी. तिसरीने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, फक्त बघायचं. तिच्या कागदावर तीनच गोष्टी आहेत : गाइड किती वेळ बोलली, किती प्रश्न विचारले, आणि पुढे काय करायचं हे विद्यार्थिनीला शेवटी स्वतःच्या शब्दांत सांगता आलं का.

विद्यार्थिनी म्हणते, "मॅडम, मला बेडसोअरवर काम करायचंय."

गाइड लगेच म्हणते, "विषय फार मोठा आहे. तू असं कर, आयसीयूतल्या स्टाफ नर्स घे. ज्ञान आणि दृष्टिकोनाची प्रश्नावली कर, मध्ये एक टीचिंग प्रोग्राम घे, मग पोस्ट-टेस्ट. सॅम्पल साठ."

ऐकायला सगळं व्यवस्थित वाटतं. प्री-टेस्ट, टीचिंग प्रोग्राम, पोस्ट-टेस्ट हा साचा नर्सिंगच्या ग्रंथालयात कपाटंच्या कपाटं भरून आहे. शिकवल्यावर लगेच परीक्षा घेतली की गुण वाढतातच. पडून राहून पेशंटच्या पाठीला झालेली जखम कमी झाली का, हे त्यातून कळत नाही.

क्लिपबोर्डवालीला विचारलं जातं. ती कागद बघून म्हणते, "विषय, जागा, पद्धत, सॅम्पल, सगळं ठरलं. प्रश्न एकही विचारला नाही."

(दृश्य : गाइड झालेल्या मॅडमचा चेहरा. निवेदन नाही. खोलीतला आवाज तसाच ठेवावा.)

निवेदन :
तोच प्रसंग पुन्हा. या वेळी नियम एकच : पहिली पाच मिनिटं गाइडने फक्त प्रश्न विचारायचे.

"बेडसोअरच का? तुला हे कुठे जाणवलं?"

"रात्रपाळीत, मॅडम. चार्टवर धोक्याचा स्कोअर भरलेला असतो. पण पेशंटकडे बघितलं की तो पटत नाही."

"कोणाचा पटत नाही? सगळ्यांचाच?"

"नाही... ज्यांना आम्ही घाईत बघतो, त्यांचा."

"मग तुझा प्रश्न बेडसोअरचा आहे, की स्कोअर कसा भरला जातो याचा?"

(दृश्य : विद्यार्थिनी झालेल्या मॅडम पेन खाली ठेवतात. निवेदन नाही.)

निवेदन :
हा संवाद सरावाचा होता, पण उत्तर खरं होतं. विद्यार्थिनीची भूमिका करणाऱ्या मॅडम स्वतःच्याच वॉर्डाबद्दल बोलत होत्या.

असं प्रशिक्षण कामी येतं का, हेही तपासलं गेलंय. अमेरिकेत क्लिनिकल संशोधन करणाऱ्या १६ संस्थांमध्ये २८३ जोड्या घेतल्या, प्रत्येक जोडीत एक मार्गदर्शक आणि एक शिकाऊ संशोधक. काही मार्गदर्शकांना जेमतेम आठ तासांचं प्रशिक्षण दिलं, काहींना दिलं नाही. कोणाला द्यायचं ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. निष्कर्ष प्रसिद्ध झाले २०१४ मध्ये. प्रशिक्षण घेतलेल्यांनी आपल्या कौशल्यांना दिलेले गुण दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त वाढले होते. संवाद कसा ठेवायचा, अपेक्षा आधी कशा बोलून घ्यायच्या, समोरच्याला किती समजलंय ते कसं ओळखायचं, आणि त्याला हळूहळू स्वतःच्या पायावर कसं उभं करायचं, हे शिकवता येतं. ही देणगी घेऊन कुणी जन्माला येत नाही.

(दृश्य : दोन कागद शेजारी शेजारी. एक गाइडने भरलेला, एक विद्यार्थिनीने.)

निवेदन :
पहिल्या भेटीचा हा कागद. दोघींनी वेगवेगळा भरायचा आणि मग शेजारी ठेवायचा. 'ड्राफ्ट किती दिवसांत वाचून मिळेल?' विद्यार्थिनीचं उत्तर, एक आठवडा. गाइडचं उत्तर, सवडीने. 'भेट रद्द झाली तर कोणी कळवायचं?' दोघींनीही समोरचीचं नाव लिहिलंय. गैरसमज पुढे सहा महिन्यांनी, डेटा अर्धा गोळा झालेला असताना उघड व्हायचा. तो इथे, चहा गार व्हायच्या आत मिटतो.

(दृश्य : वॉर्ड. पेशंटचा चेहरा फ्रेमबाहेर. गाइड आणि विद्यार्थिनी पलंगाच्या दोन बाजूंना, प्रत्येकीच्या हातात फॉर्म.)

निवेदन :
हा भाग आम्ही जास्त वेळ चित्रित केला. मार्गदर्शनाचं खरं काम आम्हाला इथे दिसलं.

हातातला फॉर्म आहे ब्रेडन स्केलचा. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी तयार केलेला, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला. संवेदना, ओलावा, हालचाल, कूस बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण, असे सहा घटक. एकूण गुण ६ ते २३. जितके गुण कमी, तितका बेडसोअरचा धोका जास्त.

पेशंट एकच. दोघी एकमेकींचा फॉर्म न बघता गुण देतात. विद्यार्थिनीचे आले १६, मॅडमचे १४. फरक अवघ्या दोन गुणांचा. पण १६ म्हणजे सौम्य धोका आणि १४ म्हणजे मध्यम. पेशंट त्या दोन गुणांवर एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो.

विद्यार्थिनीचा हात खोडरबराकडे जातो.

"खोडू नकोस," मॅडम म्हणतात. "दोन गुण कुठे गेले ते शोधू."

(दृश्य : मॅडमचा हात पेशंटच्या पाठीखाली. मग चादरीची घडी. मग पेशंटच्या टाचा.)

निवेदन :
ओलाव्याच्या रकान्यात विद्यार्थिनीने तीन गुण दिले होते. आधीच्या पाळीच्या नोंदीत 'कधीकधी ओलसर' असं होतं, तेच तिने धरलं. मॅडमनी पाठीखाली हात घातला होता. चादर ओली लागली, म्हणून दोन. पहिला गुण तिथे सापडला. दुसरा सापडला पायथ्याशी. पेशंट उशीवरून इतका खाली सरकलाय की टाचा गादीच्या कडेला टेकल्यात. विद्यार्थिनीच्या मते घर्षणाची नुसती शक्यता आहे. मॅडमच्या मते घर्षण होतंच आहे.

मॅडम पुढे म्हणतात, "माझे चौदा बरोबर आणि तुझे सोळा चूक, असं धरून चालू नकोस. आता स्टाफपैकी तिसरीला बघायला सांग. आपण दोघी काही न बोलता बाजूला उभ्या राहू."

गाइडचा शब्द प्रमाण मानून आकडा बदलला असता, तर डेटा नीटस दिसला असता आणि मूळ प्रश्न मेला असता. दोन निरीक्षकांचं जुळणं किती खरं आणि किती योगायोगाचं, ते मोजायला जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा गुणांक आहे. पुस्तकात तो एका सूत्रापुरता उरतो. ओल्या चादरीवर हात ठेवलेल्या मुलीला तो कशासाठी लागतो, ते आता वेगळं समजावावं लागणार नाही.

(दृश्य : संमतीपत्र. सहीची रिकामी जागा. विद्यार्थिनी पलंगाशेजारी स्टुलावर बसून बोलते आहे.)

निवेदन :
१९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून माणसांवरच्या संशोधनात संमतीचा मुद्दा सगळ्यांना पाठ आहे. गाइडला त्यापुढचं एक बघावं लागतं. सकाळी औषध देणारी सिस्टरच दुपारी संमती मागायला आली, तर पेशंट नाही म्हणेल का? म्हणून या अभ्यासात संमती घेणारी दुसऱ्या वॉर्डातली आहे. ही सूचना विद्यार्थिनीची. मॅडमनी फक्त विचारलं होतं, "त्यांच्या जागी तू असतीस तर?"

(दृश्य : संगणकाचा पडदा. लेखाचा मसुदा. लेखकांच्या नावांची ओळ.)

निवेदन :
नावांच्या या ओळीवरून भलेभले अबोल होतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक होण्यासाठी चार अटी घातल्या आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात : कामाच्या आखणीत, डेटात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या बौद्धिक तपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. विभागप्रमुख असणं या चारांत बसत नाही. इथे नावांचा क्रम पहिल्या भेटीच्या कागदावरच लिहिला होता, आणि तो तसाच राहिला.

मार्गदर्शन ढासळलं की थिसिस रखडतात, डेटा घाईत भरला जातो, आणि हुशार मुली संशोधनाचं नाव कायमचं टाकतात.

(दृश्य : विभागाच्या भिंतीवरचं वेळापत्रक. कॅमेरा रकान्यांवरून सावकाश फिरतो.)

निवेदन :
हे वेळापत्रक. यात तासिका आहेत, क्लिनिकल पोस्टिंग आहे, परीक्षा आहेत, बैठका आहेत. थिसिसच्या मार्गदर्शनाला वेळ कुठे आहे? तो जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात, रात्रीच्या फोनवर. कार्यशाळेत कितीही शिकवा, जिन्यात उभं राहून कुणी पाच मिनिटं नुसते प्रश्न विचारू शकत नाही.

म्हणून कार्यशाळेतल्या गाइडनी तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत. प्रत्येक विद्यार्थ्यामागे आठवड्याचा एक तास कामाच्या वेळेत धरावा. एका गाइडकडे किती विद्यार्थी, याची मर्यादा प्रत्यक्षात पाळली जावी. आणि नव्या गाइडची पहिली तुकडी अनुभवी सहमार्गदर्शकासोबतच असावी, त्याने काही भेटींना हजर राहून क्लिपबोर्डवर तेच तीन मुद्दे नोंदवावेत.

(दृश्य : वेळापत्रकातला एक रकाना जवळून.)

निवेदन :
यातली पहिली मागणी एका विभागात लागू झाली आहे. बुधवारी दुपारी दोन ते तीन गाइड आपल्या विद्यार्थ्यांसोबत असतात आणि त्या तासाला त्यांना वॉर्डातून बोलावणं येत नाही, कारण तेवढ्या वेळेची जबाबदारी दुसऱ्या शिक्षिकेच्या नावावर लेखी दिलेली असते. उरलेल्या विभागांचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर आहे. नव्या तुकडीचं गाइडवाटप होण्याआधी त्यावर निर्णय व्हायला हवा.