कोणती रांग?

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या लोकांविषयी तुमचे मत काय, असे मला कोणी विचारले की माझ्याकडून सरळ उत्तर निघत नाही, कारण माझ्याजवळ त्याची दोन उत्तरे आहेत आणि त्या दोघांत समेट घडवून आणणे मला आजवर जमलेले नाही. पहिले उत्तर मी भारतातून सोबत नेले होते. दुसरे मला १ मे २००६ रोजी शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवर, एका भारतीय उपाहारगृहाच्या भटारखान्यात मिळाले.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १६ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने विस्कॉन्सिनचे जेम्स सेन्सेनब्रेनर यांचे विधेयक संमत केले. त्यानुसार देशात विनापरवाना नुसते राहणे हाच गंभीर फौजदारी गुन्हा ठरणार होता. त्याविरुद्ध मार्चपासून शिकागोत, लॉस एंजेलिसमध्ये आणि पुढे शंभराहून अधिक शहरांत मोर्चे निघाले. हे मोर्चे, श्रोतेहो, रेडिओने उभे केले. पिओलिन या नावाने लोकप्रिय असलेले लॉस एंजेलिसचे निवेदक एडी सोतेलो सकाळच्या कार्यक्रमात सांगत असत, की पांढरा सदरा घाला, अमेरिकेचा झेंडा आणा, आणि कचरा उचलायला पिशवी आणा. लाखो लोकांनी ते ऐकले. रेडिओचे दिवस संपले असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी हेच उदाहरण देतो.

माझी स्वतःची स्थिती अशी होती. मी १९९९ साली एच-वन या नोकरीच्या व्हिसावर शिकागोला गेलो, २००२ साली ग्रीन कार्डाचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज दाखल झाला आणि मी रांगेत उभा राहिलो. कोणत्याही एका देशाला वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी सात टक्क्यांहून अधिक मिळू नयेत असा तिथला नियम असल्यामुळे भारतीयांची रांग लांबच लांब असते. परराष्ट्र खात्याच्या मासिक पत्रकात कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली ते पाहायचे, आणि २००५ च्या अखेरीस तर ती तारीख पुढे सरकण्याऐवजी मागे गेली. माझी पत्नी इथे शिक्षिका होती. तिथे तिच्या व्हिसावर तिला नोकरी करण्याची मुभा नव्हती. म्हणून दूरचित्रवाणीवर मोर्चे पाहताना माझ्या मनात एकच वाक्य येई: आम्ही रांगेत उभे आहोत आणि हे रांग मोडून आत आले आहेत.

त्या वर्षी १ मे सोमवारी आला होता. कामगार दिन ज्या शिकागोतल्या १८८६ च्या आठ तासांच्या लढ्यामुळे जगाला मिळाला, त्या शिकागोत त्या दिवशी सुट्टी नसते. पण आमच्या वसाहतीतल्या नऊ मराठी कुटुंबांनी महाराष्ट्र दिनाचे जेवण संध्याकाळी एकत्र घ्यायचे ठरवले होते. चाळीस माणसांची पुरी-भाजी मी डेव्हॉनवर सांगून ठेवली होती. पाच वाजता मी तिथे पोहोचलो, तेव्हा पुढचे दार बंद होते आणि मागे भटारखान्यात मालक एकटेच परातीपुढे उभे होते. मालक मेहसाण्याकडचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. डेव्हॉनवर जेवलेल्यांना ठाऊक आहे, की तिथल्या कित्येक भारतीय भटारखान्यांत तंदूरपुढे मेक्सिकन माणूस असतो. काकांचे तिन्ही स्वयंपाकी मेक्सिकन होते आणि तिघेही मोर्चाला गेले होते.

मी बाह्या सारल्या आणि पोळपाट पुढे ओढला. पुरीची कणीक घट्ट हवी हे आपल्याला सांगायला नको. काकांची मात्र सैल झाली होती, कारण ती रोज भिजवणारा माणूस त्या वेळी युनियन पार्कहून ग्रँट पार्ककडे चालत होता. पुऱ्या तेल पिऊन कढईत चपट्या पडत होत्या. काका संतापले होते. त्यांनी आपल्या सख्ख्या भावासाठी १९९७ साली अर्ज केला होता आणि नऊ वर्षांनंतरही भाऊ मेहसाण्यातच होता. "आम्ही रांगेत आणि हे रस्त्यावर," असे ते म्हणाले, आणि क्षणभर थांबून म्हणाले, "पण यांच्याविना माझी कढई तापत नाही."

सव्वासहाच्या सुमारास तिघांपैकी सर्वांत वयस्क स्वयंपाकी मागच्या दाराने आत आला. त्याचे नाव मी घेत नाही, आणि का घेत नाही ते आपल्या लक्षात येईल. पांढरा सदरा घामाने भिजला होता आणि खिशात अमेरिकेचा कागदी झेंडा होता. त्याने झेंडा फळीवर मिठाच्या डब्याला टेकवून ठेवला, कोपरापर्यंत हात धुतले, कणकेत बोट खुपसून पाहिले, वर रवा आणि कोरडे पीठ घातले आणि मुठींनी तिंबायला सुरुवात केली. दहा मिनिटांनी पुऱ्या टम्म फुगू लागल्या.

तो तळत असताना मी विचारले, की तू रीतसर रांगेतून का नाही आलास? झारा न थांबवता त्याने मलाच विचारले, "कोणती रांग? खिडकीचा क्रमांक सांगा, उद्या सकाळी जाऊन उभा राहतो."

मग त्याने सांगितले. मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यात त्याच्या घरची मक्याची शेती होती. १९९४ साली अमेरिकेशी लागू झालेल्या मुक्त व्यापार करारानंतर अमेरिकेचा स्वस्त मका आला आणि भाव बसला. १९९८ साली तो तीन रात्री ॲरिझोनाच्या वाळवंटातून चालत आला. त्याच्या मामाला १९८६ च्या कायद्याने कागद मिळाले होते, पण त्या कायद्याची मुदत केव्हाच संपली होती.

निघताना काकांनी त्याच्या हातात दिवसभराची मजुरी ठेवली. त्याने नोटा मोजल्या, मोर्चातल्या तासांचे पैसे वेगळे काढून गल्ल्यावर परत ठेवले आणि म्हणाला, मोर्चाचा वेळ माझ्या खर्चाने.

त्या रात्री मी कायदा शोधला. १९९० च्या कायद्यात अकुशल कामगारांसाठी ग्रीन कार्डे होती वर्षाला जास्तीत जास्त दहा हजार, आणि तीही साऱ्या जगाला मिळून. पुन्हा सांगतो: साऱ्या जगाला मिळून दहा हजार. माझी रांग लांब होती, पण रांग तरी होती.

तरीही माझे पहिले उत्तर पुसले गेले नाही. आत कोणी यावे हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे असे मी आजही मानतो. १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सुमारे सत्तावीस लाख लोकांना कागद देणाऱ्या कायद्यावर सही केली. विनापरवाना माणसे कामाला ठेवणाऱ्या मालकांना दंड करण्याचे वचनही त्यात होते, पण ते फारसे पाळले गेले नाही, आणि ज्यांचे हात स्वस्त पडत होते त्यांनाच दोष देणे सर्वांना सोयीचे झाले. सेन्सेनब्रेनर यांचे विधेयक बारगळले, सिनेटचे वेगळे विधेयकही बारगळले, आणि ऑक्टोबर २००६ मध्ये उरला तो फक्त मेक्सिकोच्या सीमेवर कुंपण घालण्याचा कायदा.

घुसखोर हा शब्द आपण फार सहज वापरतो, तो मला खटकतो. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी विनापरवाना राहिल्यामुळे परत पाठवलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले, तेव्हा त्यात तिघे आपल्या महाराष्ट्रातले होते.

माझे ग्रीन कार्ड २०११ साली आले. पेढ्यांचा पुडा घेऊन मी डेव्हॉनला गेलो, तेव्हा तो त्याच कढईपुढे उभा होता. त्याने हात पुसून पेढा घेतला, मनापासून अभिनंदन केले आणि विचारले, अर्ज कधी केला होता. मी म्हणालो, २००२ साली. त्याने बोटांवर वर्षे मोजली, नऊ भरली. मग आपली मोजू लागला आणि तेराव्या बोटाशी थांबून त्याने झारा उचलला.