पेट्रोल कुठपर्यंत आलंय?

मंडळी, जुनी गाडी सुरू होत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला पाना कार्बोरेटरलाच, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागालाच लागतो. बॉनेट उघडलं की तो समोर दिसतो, त्याचा गुन्हा एवढाच. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप खाली दडलेला, पाइप गाडीच्या पोटाखालून गेलेला, टाकी पार मागे. मग जेट, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकाचे तुकडे काढा, फुंका, बसवा, स्क्रू इकडेतिकडे फिरवा. तासाभराने गाडी बंदची बंद, वर चांगलं लागलेलं सेटिंगही गेलं.

आज मी प्रीमियर पद्मिनी डोळ्यांसमोर ठेवून बोलतो. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी इंजिनाची. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ साली ताडदेवच्या आरटीओत झाली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये तीही गेली. पण घरोघरी जपलेल्या पद्मिनी अजून आहेत, आणि त्यांचे मालक समोर बसलेत. कार्बोरेटरवाली मारुती ८०० असेल तरी हिशोब हाच.

आधी दोन गोष्टी बाजूला काढू. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतच नसेल, तर तो बॅटरीचा किंवा स्टार्टरचा मामला, आजचा विषय नाही. फिरतंय पण उचलत नाही, तर आधी करंट बघा. स्पार्क प्लग काढून वायरीला लावा, त्याची बॉडी इंजिनाला टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. निळी, टणक ठिणगी दिसली तर कॉइल, पॉइंट, डेल्को (डिस्ट्रिब्युटर) या ठिणगीच्या भागांना सोडून द्या. हे करताना आसपास सांडलेलं पेट्रोल नको, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

हातात प्लग आहेच, तर तो नीट बघा. ओला आहे आणि पेट्रोलचा वास मारतोय, म्हणजे गाडी ओव्हर झालीय, इंजिनात पेट्रोल जास्त गेलंय. चोक (थंड गाडीला हवा कमी करणारी झडप) आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. भरपूर हवा आत गेली की जास्तीचं पेट्रोल निघून जातं. दर वेळी असंच होत असेल, तर कार्बोरेटरात येणारं पेट्रोल अडवणारा निडल व्हॉल्व्ह नीट बसत नाही, किंवा त्याला उचलणाऱ्या तरंगत्या फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो जड झालाय. तेव्हा मात्र कार्बोरेटर खुशाल उघडा.

प्लग कोरडा असेल तर खरी गंमत सुरू होते. इथून पुढे इंजिनाकडून टाकीकडे उलटं चालत जायचं आणि प्रत्येक जोडावर एकच प्रश्न विचारायचा: पेट्रोल इथपर्यंत आलंय का?

पहिला थांबा कार्बोरेटरचं तोंड. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढा, टॉर्च मारा आणि थ्रॉटलची (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेची) दांडी हाताने झटकन ओढा. बारीक नळीतून पेट्रोलची स्वच्छ धार आत उडायला हवी. धार आली म्हणजे बाऊलमध्ये, कार्बोरेटरच्या छोट्या साठ्यात, पेट्रोल आहे. पंप, पाइप, टाकी यांच्यामागे लागू नका, पुढचा शोध जेट आणि चोकमध्ये. नाही आली, तर बहुधा बाऊल रिकामा आहे. पाच मिनिटांची ही परीक्षा अर्धी गाडी तपासणीतून बाद करते, आणि तरी ती करणारा मेकॅनिक मला क्वचितच भेटतो.

दुसरा थांबा पंप. कॉइलची वायर काढा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा पाइप सोडून त्याचं टोक बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. ठोक्याठोक्याने पेट्रोल पडायला हवं. पडत असेल तर अडथळा पुढे आहे: कार्बोरेटरच्या तोंडाची जाळी किंवा अडकलेली निडल. पडत नसेल तर पंपाकडे येणारा पाइप सोडा आणि पंपाला दुसऱ्या बाटलीतलं ताजं पेट्रोल ओढायला द्या. आता ओढलं? मग पंप निर्दोष, दोष मागे. तरीही ओढत नसेल तर पंपातली डिस्क (पेट्रोल ओढणारा लवचीक पडदा) किंवा व्हॉल्व्ह गेलाय. अशा वेळी इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून हुंगा. डिस्क फाटली की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, पातळी वाढलेली दिसते, ऑइल पाण्यासारखं होतं. त्यात इंजिन फिरवत राहिलात तर बेअरिंगला मुकाल.

तोंडाने पेट्रोल ओढायची जुनी खोड असेल तर ती सोडा. थेंबभर फुप्फुसात गेलं तरी दवाखाना गाठावा लागतो. आणि कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून वर वाकून सेल्फ मारू नका. इंजिनाने उलटा फटका दिला की भुवया जातात, कधी गाडीही जाते.

आता माझा आवडता चोर. पंप आणि टाकी यांच्यामधला रबरी पाइप चिरला तर पेट्रोल गळेलच असं नाही. तिथे पंप ओढत असतो, त्यामुळे चिरेतून पाइप हवा घेतो. खाली जमीन कोरडी, टाकी भरलेली, पंप नवा, आणि गाडी बंद. क्लिपजवळ पाइप वाकवून बघा. बारीक भेगा तिथेच असतात. टाकीचं झाकणही बघा. त्याचं हवेचं भोक बुजलं की टाकीत ओढ तयार होते, पंपाला पेट्रोल मिळत नाही. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज झाला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर निदान झालं. पेट्रोलच्या काट्यावर विसंबू नका. टाकीतला फ्लोट अडकला की काटा अर्ध्यावर उभा राहतो आणि टाकी कोरडी असते.

आत्ता कुणीतरी इथेनॉलचं विचारलं. हल्ली पेट्रोल पंपावर मिळतं ते बहुतेक ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. जुनं रबर त्याच्यासाठी बनलेलं नाही; ते फुगतं, मऊ पडतं, नाहीतर तडकतं. शिवाय इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. पावसाळाभर गाडी उभी राहिली तर ते हवेतली ओलही धरतं. पाणी फार झालं की पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाला बसतात, आणि पंपाची नळी नेमकी तळातूनच ओढते. चार महिने उभी असलेली गाडी सुरू होत नसेल तर तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, आणि रबरी पाइप घेताना दुकानदाराकडून इथेनॉलला चालणाराच मागून घ्या. दिसायला दोन्ही काळेच असतात.