नकार कोणी दिला?

[दृश्य: सकाळची लोकल. खिडकीतून मागे सरकणाऱ्या इमारती, वाळत घातलेले कपडे, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या.]

मुंबईत भाड्याचे घर शोधणाऱ्या माणसाला एजंट जे प्रश्न विचारतो, त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. बजेट किती, डिपॉझिट किती देऊ शकाल, नोकरी कुठे, घरात माणसे किती, ही चौकशी आटोपली की तो क्षणभर थांबतो आणि विचारतो, "पूर्ण नाव काय म्हणालात?" नाव शेख, अन्सारी किंवा खान असे असेल, तर संध्याकाळी पाहायला मिळणारे घर अनेकदा दुपारीच 'गेलेले' असते आणि दोन दिवसांनी त्याच घराची जाहिरात त्याच छायाचित्रांसह पुन्हा दिसते. एखादा एजंट मोकळेपणाने सांगतो, की मालकांची काही हरकत नाही, पण सोसायटी ऐकणार नाही. मालकाला गाठले तर तो सांगतो, की मला स्वतःला काहीच अडचण नाही, माझे कितीतरी मित्र तुमच्यातले आहेत, पण कमिटीतल्या लोकांना चालणार नाही. सेक्रेटरीला विचारले, तर उत्तर मिळते, की आमच्या सोसायटीत असा कोणताही नियम नाही. घर कोणाला द्यायचे, हा सर्वस्वी मालकाचा प्रश्न आहे.

या तिघांपैकी कोणीही नकार दिलेला नाही आणि तरीही घर मिळालेले नाही. या माहितीपटाचा विषय हा नकार आहे, जो कोणाच्याच तोंडचा नसतो आणि कोणत्याही कागदावर उतरत नाही.

[दृश्य: परळच्या बीआयटी चाळीचा लांब व्हरांडा.]

या नकाराची रीत नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली परदेशातले शिक्षण घेऊन बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव लावून राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. ही हकिकत मराठी वाचकाला ठाऊक असते. मात्र त्यानंतरच्या काही तासांत त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, तेव्हा काय घडले, याकडे आपले लक्ष कमी जाते. हिंदू मित्राने सांगितले, की तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने सांगितले, की पत्नी उद्या येणार आहे आणि तिला विचारल्यावाचून काही ठरवता येणार नाही. दोघेही सुशिक्षित होते, दोघेही सौजन्याने बोलले आणि दोघांनीही नकाराचे ओझे तिथे हजर नसलेल्या माणसांवर टाकले. आंबेडकर कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. 'नोकर जातील', 'पत्नीला विचारावे लागेल' आणि 'सोसायटी ऐकणार नाही' या तीन वाक्यांत शंभर वर्षांचे अंतर असले, तरी त्यांची घडण एकच आहे.

[दृश्य: संविधानाच्या मराठी उद्देशिकेचे पान. 'धर्मनिरपेक्ष' या शब्दावरून 'बंधुता' या शब्दाकडे सरकणारा कॅमेरा.]

भारताच्या संविधानाच्या उद्देशिकेत 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आला. परंतु शासनाने कोणत्याही धर्माचा पक्ष घेऊ नये, हा विचार संविधानाच्या अनुच्छेदांत सुरुवातीपासूनच होता आणि धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या बोम्मई खटल्यात स्पष्ट केले. अनुच्छेद 19 प्रत्येक नागरिकाला देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क देतो. अनुच्छेद 15 धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून नागरिकांत भेद करण्यास शासनाला मनाई करतो. त्याच अनुच्छेदाचा दुसरा भाग शासनाच्या पलीकडे जाऊन समाजालाही बांधतो: दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरापासून कोणालाही अशा कारणाने रोखता येणार नाही.

या यादीपाशी थोडे थांबले पाहिजे. त्यातली विहीर आणि तलाव वाचताना 20 मार्च 1927 चे महाडचे चवदार तळे डोळ्यांसमोर येते. पाणवठा, रस्ता, दुकान ही सगळी सामायिक वापराची ठिकाणे त्यात आली. घर मात्र त्या यादीत नाही. घर ही खाजगी मालमत्ता आहे आणि खाजगी व्यवहारात माणसाला निवडीचे स्वातंत्र्य आहे, असे मानले गेले. गावातल्या वाड्याच्या बाबतीत हे म्हणणे एक वेळ समजू शकते. परंतु ज्या शहरात माणूस राहतो तो शेकडो सदनिकांच्या संकुलात, जिथे जिना, लिफ्ट, पाण्याची टाकी आणि फाटकावरचा पहारेकरी सारे सामायिक आहे आणि जिथल्या प्रत्येक सोसायटीची नोंदणी शासनाच्या कायद्याखाली झालेली आहे, तिथे ती सोसायटी नेमकी किती खाजगी उरते, हा प्रश्न विचारावाच लागतो.

[दृश्य: गावदेवीतील जुनी, तीन मजली घरे.]

मुंबईच्या सोसायट्यांचा जन्मच समाजांच्या आधाराने झाला, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण ते लपवून केलेला युक्तिवाद टिकत नाही. देशातली आद्य सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून ओळखली जाणारी सारस्वत सोसायटी 1915 साली गावदेवीत रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने उभी राहिली, ती एका ज्ञातीच्या गरजू कुटुंबांसाठी होती. वांद्र्याच्या कॅथलिक वसाहती, दादरची पारशी कॉलनी आणि कुलाब्याची खुसरो बाग यांचीही गोष्ट याच जातकुळीची आहे. परक्या शहरात आलेल्या माणसांनी आपल्या माणसांच्या भरवशावर पैसे गोळा करून घरे बांधली आणि त्यात कोणाविषयी द्वेष असलाच पाहिजे, असे नाही.

याच वारशाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या निमित्ताने आला. तिच्या उपविधींनुसार सभासदत्व केवळ पारशी व्यक्तीलाच मिळू शकत होते. 2005 साली न्यायालयाने तो उपविधी वैध ठरवला: संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्यात आपले सभासद निवडण्याचे स्वातंत्र्यही येते आणि अनुच्छेद 15 ची समतेची हमी अशा संस्थेच्या अंतर्गत नियमाला थेट लागू होत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. भेदभाव इथे स्पष्ट लेखी स्वरूपात देशाच्या सर्वोच्च पीठापुढे उभा राहिला होता आणि तो मान्य झाला. या निकालाशी मी आदरपूर्वक असहमत आहे. 2011 च्या जनगणनेत ज्या समाजाची देशभरातली संख्या 57,264 इतकीच भरली, त्याने आपली एखादी वसाहत जपावी, ही एक गोष्ट आहे. तेच तत्त्व हाती घेऊन बहुसंख्याकांच्या हजारो सोसायट्यांनी दारे लावून घेतली, तर ज्याला नाकारले जाते त्याच्यासाठी अख्खे शहरच आक्रसते, आणि ही दुसरी गोष्ट पहिलीच्या मापाने मोजता येणार नाही.

[दृश्य: मुंब्रा स्थानक. पारसिकच्या डोंगराखाली दाटलेल्या इमारती.]

शहर कसे आक्रसते, ते ठाण्यापुढे कळवा ओलांडून मुंब्र्याला उतरले की दिसते. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींत मुंबईत 900 माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. जे वाचले, त्यांतल्या अनेक मुस्लिम कुटुंबांनी मिश्र वस्तीतली घरे मिळेल त्या किमतीला विकली आणि मुंब्रा, मीरा रोड, जोगेश्वरी अशा ठिकाणी आपल्या लोकांत आसरा घेतला. मिश्र चाळींतून हिंदू कुटुंबेही उठून गेली. भीतीने माणसे हलली आणि त्यानंतर नकाराने ती तिथेच खिळून राहिली. आता त्याच वस्त्यांकडे बोट दाखवून, 'त्यांना एकत्रच राहायला आवडते', असे म्हटले जाते. मुस्लिमांना इतर वस्त्यांत घर विकत किंवा भाड्याने मिळणे अवघड जाते, ही तक्रार मुस्लिमांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालातही नोंदवलेली आहे. मुलांची शाळा, बँकेचे कर्ज, नोकरीच्या अर्जावरचा पत्ता या सगळ्यांवर त्या वस्तीच्या नावाची सावली पडते.

नाकारण्याची सवय एका धर्मापाशी थांबत नाही, हे मराठी माणसाला आता स्वतःच्या अनुभवाने कळू लागले आहे. 'फक्त शाकाहारी' ही वरवर निरुपद्रवी दिसणारी अट एकाच वेळी मुस्लिम, ख्रिस्ती, दलित, कोळी आणि मालवणी कुटुंबांना फाटकाबाहेर ठेवते. ज्या कोळ्यांची मुंबादेवी या शहराला नाव देऊन गेली, त्यांच्या रोजच्या जेवणातल्या मासळीच्या वासाचे कारण सांगून याच शहरात घर नाकारले जाते. सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडच्या एका इमारतीत मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेल्याचे प्रकरण गाजले आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. तो संताप अगदी रास्त होता. परंतु 'महाराष्ट्रीय चालणार नाहीत' हे वाक्य ऐकून ज्यांचे रक्त तापले, त्यांच्यापैकी कितीजण आपल्याच सोसायटीत 'मुसलमान चालणार नाहीत' हे वाक्य मुकाट्याने ऐकून घेतात, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःशी मांडायला हवा.

[दृश्य: सोसायटीचे सभागृह. प्लॅस्टिकच्या रिकाम्या खुर्च्या, भिंतीवर सूचना फलक.]

तो हिशेब माझ्याकडेही आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. गळक्या टाकीवर आणि पार्किंगवर दीड तास चर्चा झाली. उठता उठता एका ज्येष्ठ सभासदांनी सांगितले, की दुसऱ्या मजल्यावरचे घर 'त्या लोकांना' दिले जाणार नाही, एवढे सर्वांनी पाहावे. कोणी विरोध केला नाही, माना हलल्या, आणि मी वही मिटली. टाकीचा ठराव सूचक आणि अनुमोदकांच्या नावांसह लिहिला गेला. या वाक्याची एक ओळही लिहिली गेली नाही. आज ते इतिवृत्त कोणी तपासले, तर आमची सोसायटी निर्दोष ठरेल. तेव्हा मी, 'हे इतिवृत्तात लिहू का?' एवढे जरी विचारले असते, तरी बहुधा ते वाक्य मागे घेतले गेले असते.

एकत्र राहणे अशक्य आहे, असे सांगणाऱ्यांनी याच शहरातल्या रेल्वेच्या वसाहती, पोलीस लाइनी आणि पोर्ट ट्रस्टच्या क्वार्टर्स पाहाव्यात. तिथे शेजारी निवडण्याची मुभा कोणालाच नव्हती. ज्याचा क्रमांक लागला, त्याला घर मिळाले. म्हाडाच्या सोडतीतही संगणक नाव उचलतो, ते अर्जदाराच्या धर्माकडे पाहून उचलत नाही. अशा इमारतींत पाण्यावरून भांडणे होतात, मुले एकाच मैदानात खेळतात, दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी जाते आणि ईदला शीरखुर्म्याचा डबा घरी येतो. सर्वधर्मसमभावावर शाळेत निबंध आपण सर्वांनी लिहिले आहेत; पण ते ताट नेऊन देण्यासाठी मुळात शेजारच्या दारावर दुसरे नाव असावे लागते. बंधुता नसेल, तर स्वातंत्र्य आणि समता या रंगाच्या वरवरच्या थराइतक्याच उथळ राहतील, असा इशारा आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता. समाजातली धर्मनिरपेक्षता मी या बंधुतेत पाहते. शासनाने तटस्थ राहणे हा तिचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग जिन्यातल्या लोकांच्या हाती आहे.

[दृश्य: उपनिबंधक कार्यालयातले कपाट. फायलींचे गठ्ठे, अर्जावर उमटणारा शिक्का.]

कायद्याची जी साधने आज हाती आहेत, ती वापरली गेली पाहिजेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारायचे असेल, तर निर्णय कारणांसह कळवावा लागतो, आणि अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत सोसायटीने काहीच कळवले नाही, तर अर्जदाराला सभासद करून घेतल्याचे मानले जाते. मौनातून दिलेल्या नकाराला या कायद्याने होकाराचे रूप दिले आहे. सदनिका विकताना सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक नाही, आणि ती भाड्याने देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, केवळ तिला माहिती द्यावी लागते, असे शासनाचे आदर्श उपविधी सांगतात. 'सोसायटी ऐकणार नाही' हे कारण पुढे करणाऱ्या मालकाला हे ठाऊक असायला हवे आणि ज्याला नकार ऐकावा लागतो, त्यालाही. घर विकत घेणाऱ्याने अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच तारखेसह घ्यावी, कारण ते तीन महिने त्या तारखेपासून मोजले जातात.

भाडेकरूची स्थिती वेगळी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकावर आहे. घर दिले, तर त्याचा कागद होतो. घर नाकारले, तर त्याची कुठेही नोंद होत नाही, कारण सांगावे लागत नाही आणि धर्मावरून घर नाकारणाऱ्या खाजगी मालकाला जाब विचारणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तो कायदा व्हावा, ही मागणी या माहितीपटातून आम्ही करत आहोत. तोवर दहा घरे पाहून परतलेल्या माणसाचा अर्ज घेऊन त्यावर तारखेचा शिक्का मारून देणारी एकही खिडकी या शहरात नाही.

[दृश्य: संध्याकाळ. एका इमारतीचे फाटक, पहारेकऱ्याच्या टेबलावरची आगंतुकांची वही. नाव, वेळ आणि कोणाकडे जायचे, असे तीन रकाने.]