शब्दांच्या जाती, माणसांच्या जाती

(दृश्य : गिरगाव, सकाळ. शाळेच्या खिडकीतून मुलांचा एका सुरातला आवाज.)

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद... मराठी शाळेत गेलेल्याला पुढचं झोपेतही येतं. निदान शब्दयोगी अव्ययापर्यंत. तिथे मी दरवर्षी अडखळायचो.

या पाठांतराची पाळंमुळं शोधत गेलं, की आपण पोचतो १८३६ सालात. त्या वर्षी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झालं. लेखक दादोबा पांडुरंग तर्खडकर, वय बावीस. घराणं वसईजवळच्या तर्खडचं, जन्म मुंबईचा. व्याकरण म्हणजे संस्कृतचं, घरी बोलतो त्या भाषेला कसलं आलंय व्याकरण, असं मानण्याचा तो काळ. पंतोजींच्या शाळेत पाढे, मोडी अक्षर आणि तोंडी हिशेब आला, की मुलगा शिकला! दादोबांनी इंग्रजी व्याकरणाची चौकट समोर ठेवून मराठी तपासली. पुढे त्यांना ‘मराठीचे पाणिनी’ म्हणू लागले.

(दृश्य : जुनी पाटी, त्यावर फिरणारा हात.)

पण पुस्तक आलं म्हणून वर्गात शिरत नाही; त्याला शिकवणारा लागतो. १८४६ मध्ये बाळशास्त्री जांभेकर ऐन तारुण्यात गेले. शिक्षक घडवण्याचं त्यांचं काम सुरतेहून आलेल्या दादोबांकडे आलं, आणि मराठी शाळांची देखरेखही. हुद्दा सुपरिंटेंडेंट. सरकारी नोकरी, गावात मान. असा माणूस सहसा जपून राहतो.

(दृश्य : संध्याकाळ. बंद दार, फटीतून दिव्याचा उजेड.)

दादोबाही जपून राहिले, पण वेगळ्या कारणाने. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा सुरू झाली, तिच्यामागे ते होते. सभा गुप्त. आत जायचं तर जातिभेद मानणार नाही असं नुसतं म्हणून भागत नसे. ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे.

पाव! आज नाक्यावर वडापाव घेताना भट्टी कुणाची, हे कोण विचारतं? तेव्हा त्या एका घासापायी माणूस वाळीत पडे. सोयरीक तुटे, न्हावी येईना, घरच्या कार्याला भटजी मिळेना.

दार लावून कसली सुधारणा, असा टोमणा या सभेला बसला. त्यात तथ्य आहेच. तरी मला त्या बंद दाराचा राग येत नाही. पहिला घास तोंडात घालताना दारावर थाप पडली असती, तर किती जण उरले असते? झालंही तसंच. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांचे कागद चोरीला गेले आणि सभा विखुरली. दादोबा तोवर शाळा सोडून डेप्युटी कलेक्टरीत गेले होते.

१८६७ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ, डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उभा राहिला. परमहंस सभेतली काही माणसं इथेही होती. या वेळी दार उघडं होतं.

(दृश्य : गिरगावातला रस्ता, बसमधली गर्दी.)

“प्रार्थना समाज, चला पुढे!” कंडक्टर ओरडतो. चार माणसं उतरतात, सहा चढतात.

(दृश्य : पुन्हा तीच शाळा. बाई फळ्याकडे वळतात.)

दादोबा १८८२ मध्ये गेले. व्याकरणाचा तास मात्र अजून चालू आहे. बाई खडूने एका शब्दाखाली रेघ ओढतात आणि शेजारी प्रश्न लिहितात : जात ओळखा.