आवाज येतोय? कसला?

(बेळगावातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेलं भाषण, थोडी काटछाट करून)

आपल्या भागात व्याख्यान म्हटलं की लोक काय ऐकायला येतात हे मला ठाऊक आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, गावोगाव साहित्य संमेलनं भरतात. तिथं मीही सतरंजीवर बसून कविता ऐकल्यात. त्यामुळे ‘नव्या कॉम्प्युटरचा आवाज’ या विषयावर बोला म्हणून मंडळी दुकानात आली तेव्हा मी दोनदा विचारलं, नक्की ना? ते म्हणाले, अहो, निम्म्या सभासदांच्या घरी पोरांनी पार्ट मागवून मशीन जोडलंय आणि रात्री ते झोपू देत नाही. मग म्हटलं, येतो.

माझा धंदा जोडणी आणि दुरुस्तीचा. रोज एक तरी फोन येतो, “काका, नवीन मशीन आवाज करतंय ओ.” बैलहोंगलकडचं गिऱ्हाईक असलं तर तेच कानडीत, “भाळ सप्पळ माडतैत्री.” मी दोघांनाही एकच विचारतो, कसला आवाज? बहुतेकजण इथं गप्प होतात. आवाज म्हणजे आवाज, त्याला आणखी काय सांगायचं?

पण आपल्या भाषेत किती शब्द आहेत बघा. टकटक, घरघर, खरखर, सूं, चीं, गुडगुड. आजीला मिक्सर बिघडला तर ती ‘खरखरतोय’ म्हणते, नळाला हवा आली तर ‘फुरफुरतोय’ म्हणते. तीच आजी कॉम्प्युटरसमोर मात्र ‘आवाज येतोय’ एवढंच म्हणते. नेमका शब्द सापडला की निम्मी दुरुस्ती फोनवरच होते, हे मी फुशारकीनं नाही, पेट्रोलच्या खर्चाच्या हिशेबानं सांगतोय.

ही सवय मला माझ्या मामानं लावली. मामा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, लेथवर होता. मशिनचं बेअरिंग खराब झालंय का हे बघायला तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घराला टेकवायचा आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटून सांगायचा, “पुढचं चांगलंय, मागचं गेलंय.” कॉम्प्युटरमध्ये कृपा करून हे करू नका, चालू बोर्डावर लोखंडी दांडा न्यायचा नसतो. त्याऐवजी वर्तमानपत्राची सुरळी करा. एक टोक कानाला, दुसरं पंख्यापासून चार बोटं लांब. एकेका पंख्यावरून सुरळी फिरवली की आवाज कुठून येतो ते कळतं. खात्री करायची तर मशीन बंद करून त्या पंख्याची पिन काढा आणि मिनिटभर चालवून बघा. प्रोसेसरचा पंखा मात्र काढून चालवत बसू नका.

टकटक ही सगळ्यात सोपी. एखादी वायर पंख्याच्या पात्याला लागतेय. प्लॅस्टिकची दाबपट्टी लावून वायर बांधा, झालं. मशीन आडवं टाकून जोडताना वायर बाजूला असते, उभं केलं की लोंबते, म्हणून जोडणाऱ्याला ती दिसत नाही.

घरघर मात्र फसवी. खानापूरच्या एका वहिनी घरी डीटीपीचं काम करतात, लग्नपत्रिका, अहवाल, ग्रामपंचायतीचे फॉर्म. त्यांना मी मशीन करून दिलं, जुनी हार्ड डिस्क त्यातच बसवली. दुसऱ्या दिवशी फोन, घरघरतंय. मशीन दुकानात आणलं, दिवसभर चालवलं, काही नाही. परत नेलं, परत घरघर. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा वहिनी म्हणाल्या, “तुमच्या दुकानात आल्यावर ते शहाणं होतंय.” जुलैचा पाऊस, पंचवीस-सव्वीस किलोमीटर गाडी मारत गेलो. कौलारू घर, माजघरात एक रिकामं पत्र्याचं कपाट आणि त्याच्या डोक्यावर माझं मशीन. मी कॅबिनेट दोन्ही हातांनी बोटभर उचलून धरलं. घरघर थांबली. खाली ठेवलं, सुरू झाली. वहिनी बघतच राहिल्या.

झालं होतं असं. डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. तेवढ्याच वेळा ती बारीक हादरते. तो हादरा डिस्कच्या स्क्रूतून पत्र्याच्या खणात, खणातून कॅबिनेटमध्ये आणि तिथून खालच्या कपाटात उतरतो. रिकामं कपाट म्हणजे ढोलच. माझ्या दुकानात मशीन कडाप्प्याच्या ओट्यावर असतं, तो हलत नाही. शिवाय समोरून दिवसभर रिक्षा जातात, त्यात बारीक आवाज ऐकू येणार कसा? मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून पायांखाली घातले आणि डिस्कच्या स्क्रूंना रबरी वॉशर लावले. खर्च शून्य. आधीच्या दोन फेऱ्यांत मी मात्र पॉवर सप्लाय आणि एक पंखा बदलून बसलो होतो, आणि दोन्ही ठणठणीत होते. तेव्हापासून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो, मशीन कशावर ठेवलंय?

घरघरीचं दुसरं ठिकाण म्हणजे बाजूचा पत्रा. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. चालू मशिनवर तळहात टेकवा. दाबल्यावर आवाज बंद झाला तर दोष पंख्याचा नाही, पत्रा नीट बसलेला नाही. आणि तो बसत का नाही? आत डोकवा. मदरबोर्डाच्या मागच्या फटीत 24 पिनांची जाड वायर, तिच्यावर प्रोसेसरची 8 पिनांची, तिच्यावर आणखी कशाची गाठ. त्यावर पोरगं पत्रा ठेवतं, गुडघा टेकवतं आणि स्क्रू पिळतं. पत्रा बंद होतो खरा, पण मधे फुगून ताणलेला राहतो आणि पंखा फिरला की वाजतो. वायरी एकीशेजारी एक सपाट अंथरा. बोटानं ढकलून पत्रा बसला पाहिजे. गुडघा लागला की थांबा, आत काहीतरी चुकलंय.

कॉम्प्युटरमध्ये जोर लावून बसवायच्या जागा मोजक्याच. रॅमला थोडा दाब लागतो, 24 पिनांच्या कनेक्टरलाही लागतो. पुढच्या यूएसबीची जाड निळी-काळी वायर असते ना, 19 पिनांची, ती घट्ट जाते म्हणून लोक तिरकी रेटतात आणि बोर्डावरची पिन वाकते. पुढचं यूएसबी चालत नाही म्हणून आलेली मशीन उघडली की बऱ्याचदा हेच निघतं.

आता स्क्रू. इथं उद्यमबागेतले कुणी बसले असतील तर त्यांना हसू येईल. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या पुडीत दोन जातीचे स्क्रू असतात. एक इंची, 6-32, म्हणजे इंचाला 32 आटे आणि जाडी साडेतीन मिलिमीटर. दुसरा मेट्रिक एम-3, जाडी तीन मिलिमीटर आणि आटे बारीक. पॉवर सप्लाय आणि मोठी हार्ड डिस्क इंची मागतात, छोटी एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, मेट्रिक. दोन्ही स्क्रू पुडीत एकत्र, दिसायला भाऊ-भाऊ. एम-3 इंची भोकात घातला तर आत जातो, पण पकडत नाही आणि काही दिवसांनी खुळखुळतो. उलट केलं तर दोन फेऱ्यांत अडतो. तिथं जो पिळतो तो आटे खातो. मामा म्हणायचा, स्क्रू आधी उलटा फिरवायचा, ‘टिक्’ करून आटा जागेवर पडला की मग सुलटा. त्याच्या लेथवर शिकलेलं मी आज एसएसडीला करतो.

बोर्डाखालच्या पितळी खुंट्या, म्हणजे स्टँडऑफ, हाही त्यातलाच प्रकार. पूर्ण एटीएक्स मापाचा बोर्ड 305 बाय 244 मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स 244 बाय 244. कॅबिनेटमध्ये खुंट्या मोठ्या बोर्डाच्या मापानं लावलेल्या असतात आणि आपण छोटा बोर्ड टाकतो. मग एखादी खुंटी भोकाखाली न येता बोर्डाच्या पाठीला टेकते. नशीब असेल तर मशीन सुरूच होत नाही. नशीब नसेल तर कधी चालतं, कधी बंद पडतं, आणि तुम्ही महिनाभर विंडोज टाकत बसता. बोर्ड ठेवण्याआधी भोकं मोजा, खुंट्या मोजा, जास्तीच्या काढा. मागची, वायरी लावायच्या खिडक्यांची चकचकीत पत्र्याची पट्टी बोर्डाआधी बसवायची असते, तीही बघून. तिची एखादी पाकळी लॅनच्या, म्हणजे नेटच्या वायरीच्या, खिडकीत शिरली की वायर आत जातच नाही.

पंखा ओरडतोय, म्हणजे सूंऽऽ करून रॉकेटसारखा, तेव्हा बिचारा पंखा निर्दोष असतो. त्याला कुणीतरी पळवतंय. कुणी, ते शोधायचं. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, प्रोसेसरचं तापमान बघा. काही काम नसताना 80-90 अंश दिसलं तर कूलर, म्हणजे प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा, नीट बसलेला नाही. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या मेखा असतात. त्या समोरासमोर, तिरक्या क्रमानं दाबायच्या, फ्लँजचे बोल्ट आवळतात तशा. चारही ‘टक’ वाजल्या पाहिजेत. एक अर्धवट राहिली की कूलर एका बाजूला उचलला जातो. जुन्या मशिनचा कूलर नव्यावर चढवायचा मोहही आवरा, कारण 2021 मध्ये आलेल्या एलजीए 1700 सॉकेटच्या, म्हणजे इंटेलचा प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, भोवतीच्या भोकांचं अंतर 75 ऐवजी 78 मिलिमीटर झालं. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण मेख न बसायला तेवढं पुरतं. आणि हो, कूलरच्या बुडाला चिकटलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद. त्यावर ‘काढा’ असं लिहिलेलं असतं, तरी तो न काढता बसवलेली मशीन माझ्याकडे येतात. त्यातलं एक मी स्वतः जोडलेलं होतं, हे आज इथं कबूल करतो.

तापमान ठीक असून पंखा पूर्ण वेगात असेल तर त्याच्या पिना मोजा. चार पिनांचा पंखा बोर्डाच्या इशाऱ्यावर वेग बदलतो. तीन पिनांच्याला तो इशारा कळत नाही, त्याचा वेग व्होल्टेज कमी करूनच उतरतो. बायोसमध्ये सेटिंग पीडब्ल्यूएमवर, म्हणजे त्या इशाऱ्यावर, राहिलं तर तीन पिनांचा पंखा पूर्ण 12 व्होल्टवर पळत राहतो. डीसी, म्हणजे व्होल्टेज कमी करणारं सेटिंग, निवडा, शांत होतो. काही पंखे मात्र धापा टाकतात, वर-खाली, वर-खाली. ब्राउझर उघडला की प्रोसेसर क्षणात वीसेक अंश तापतो आणि लगेच निवतो, पंखा त्याच्यामागे धावतो. बायोसमध्ये पंख्याला चार-पाच सेकंद उशिरानं प्रतिसाद द्यायला लावा.

एक गोष्ट गाणं ऐकणाऱ्यांसाठी. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 साली आपल्याच जिल्ह्यात, सुळेभावीला झाला, तेव्हा इथं तंबोरा समजावून सांगायची गरज नाही. दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या की नादात लाट येते, फुगते, ओसरते. दोन पंख्यांचंही तसंच. सात पात्यांचे दोन पंखे, एक मिनिटाला 1200 फेरे आणि दुसरा 1210. तर सेकंदाला साधारण एक लाट येते, ऊं...ऊं...ऊं... लोक पंखा बदलतात, लाट तशीच. तंबोऱ्यात आपण तारा जवळ आणतो, इथं उलट करायचं. एक पंखा 1200 वर ठेवा, दुसरा 1000 वर उतरवा. वेग उतरवणं केव्हाही फायद्याचं. वेग निम्मा केला तर पंख्याचा आवाज 15 डेसिबलच्या आसपास उतरतो. म्हणून एक पंखा पळवण्यापेक्षा दोन सावकाश चालवावेत.

राहिला ‘चीं’. याबाबतीत मी एका पोराचा गुन्हेगार आहे. अकरावीतला मुलगा, ग्राफिक कार्ड लावून घेतलं आणि दोन दिवसांनी आला, गेम सुरू केला की चीं वाजतं म्हणून. मी कान लावला. काही नाही. म्हटलं, बाळा, हेडफोन कमी लाव. तो हिरमुसून गेला. संध्याकाळी माझी मुलगी दुकानात आली, तेच कार्ड टेस्टला लावलेलं होतं. दारातूनच म्हणाली, “बाबा, हे काय किंचाळतंय?” कार्डावर तांब्याच्या तारेची छोटी वेटोळी असतात. त्यांतून प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चढतो-उतरतो आणि तार थरथरते. आवाज फार वरच्या पट्टीतला. वय वाढलं की तेवढ्या वरचं ऐकू येणं आधी जातं, आणि मी पन्नाशी ओलांडलेली. मुलाच्या मशिनवर गेमच्या मेनूत फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, सेकंदाला कित्येक शेकडो पळत होत्या, काम नसताना. मर्यादा 60 वर बांधली, चीं जवळजवळ गेला. कार्ड बिघडलेलं नव्हतंच. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, त्याच्या आईनं चहा दिला.

(श्रोत्यांतून प्रश्न: लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर मशीन गुरगुरतं, एरवी नाही.)

छान विचारलंत, हे विसरलोच होतो. शब्दही बरोबर वापरलात, गुरगुर. स्वस्त इन्व्हर्टर गोल लाटेचा करंट देत नाही, चौकोनी पायऱ्यांचा देतो. पॉवर सप्लायच्या आतली वेटोळी त्यावर गुरगुरतात, घरचा सीलिंग फॅनसुद्धा त्याच वेळी वाजतो की नाही बघा. वाजतो ना? मग मशीन उघडू नका. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतलात तर दोन्ही गप्प होतील. तोवर लाइट गेली की फाइल सेव्ह करून मशीन बंद करा.